मेजरचं वर्कशॉप : आमची वाटचाल

उद्यमनगरात आमचं इंजिनातल्या डिझेल पंप आणि नोझलच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. बोर्डावर फर्मचं नाव वेगळंय पण गिऱ्हाईक 'मेजरचं वर्कशॉप कुठाय' असंच विचारत येतंय. मेजर म्हणजे मी. खरं तर मी ईएमईतनं हवालदार म्हणून २०१७ ला रिटायर झालो, पण कोल्हापुरात फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतोय, सांगून सांगून दमलो आणि सोडून दिलं.

ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्या, रणगाडे, तोफा सगळ्याची दुरुस्ती बघणारं खातं. माझं काम गाड्यांचं, शक्तिमानपासून स्टॅलियनपर्यंत. लडाखला थंडीत डिझेलमधलं मेण जमतंय, फिल्टर चोक होतोय आणि गाडी जाग्यावर मरते, तिथं बोटं बधिर झालेली असताना पंप उघडायला शिकलो ते आयुष्यभराचं झालं.

दहावी १९९२, गंगावेशीजवळची शाळा, आणि पुढच्या वर्षी भरती. मग सुट्टीवर आलं की वर्गातली पोरं रस्त्यात भेटायची आणि प्रत्येकाचे तेच दोन प्रश्न, कधी आलास आणि परत कधी जाणार. त्याच्या पुढं बोलणं जायचंच नाही हो, कारण सुट्टी सगळी घराच्या पत्र्यात, भावकीच्या वाटणीत आणि लग्नाकार्यात संपायची. रिटायर होऊन कितीतरी महिने झाले तरी लोक विचारायचे, सुट्टी वाढवून घेतली व्हय?

दहावी अ चा व्हॉट्सॲप ग्रुप होता, मी पोस्टिंगवर असतानाच कुणीतरी घातलेलं, रेंज आली की दोनशे गुड मॉर्निंग एकदम पडायचे. रिटायर झाल्यावर मात्र एका रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर आम्ही सातआठ जण खरोखर जमलो. म्हशीचं धारोष्ण दूध, समोर फेस आलेला ग्लास, आणि कोण कोण काय झालं याची उजळणी. एकजण साखर कारखान्यात चिटबॉय, म्हणजे गटातल्या उसाची नोंद आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा, एकजण उद्यमनगरातच स्पेअर पार्टवाला, एकजण मास्तर. आमच्या वर्गाचा मॉनिटर, ज्यानं माझं नाव फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा लिहिलं असेल, त्याच्या वडिलांचा उद्यमनगरात गाळा, ऑइल इंजिनचे पार्ट करायचे, वडील गेल्यावर लेथवर धूळ बसलेली. मला मात्र त्यांच्या बोलण्यातलं निम्मं कळत नव्हतं, कुणाचं दुकान कुणी घेतलं, कोण कुणाचा साडू, हे सगळं माझ्या माघारी घडलेलं.

चिटबॉयच मधेच म्हणाला, "मर्दा, सीझनला माझ्या गटात रोज एकतरी ट्रॅक्टर पंपानं बसतोय, दुरुस्तीला चार चार दिवस लागत्यात, तू काय नुसतं कॅन्टीनचं सामान आणत बसणार काय?"

तिथनं सुरू झालं. गाळा मॉनिटरचा, हात माझे, आणि हिशोब वर्गातल्याच एका मैत्रिणीकडं, ती टॅक्सची कामं करते. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की चहा आणला तरी चिठ्ठी पाहिजे, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. भागीदारीचं डीड तिनंच करायला लावलं, मॉनिटरला ते जरा लागलं, "आपल्यात कागद कशाला" म्हणून दोन दिवस फुगून होता. घरी मंडळींनी अट घातली, कम्यूटेशनच्या, म्हणजे पेन्शनचा भाग विकून एकरकमी मिळालेल्या पैशाला हात लावायचा नाही, ते घराला, ग्रॅच्युइटीतलं काय ते घाला. २०१८ च्या दसऱ्याला पंप तपासायच्या सेकंडहँड टेस्ट बेंचची पूजा केली.

काम येत होतं, पैसा येत नव्हता. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा आहे खरा, पण आमचं गिऱ्हाईक बिल जमा झाल्याशिवाय खिशात हात घालत नाही, आणि वाहतूकदार तर ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल देऊन आधीच मोकळा झालेला असतोय. दुसरा कोण असता तर पहिल्याच सीझनला शटर ओढलं असतं. माझी पेन्शन दर महिन्याला येत होती म्हणून मी थांबू शकलो, आणि कुणासाठी थांबायचं हे या पोरांना माहीत होतं म्हणून बुडालो नाही. मॉनिटर नुसतं आडनाव आणि गाव ऐकून सांगायचा, याला दे, याला रोख. मी मेसमधल्या सवयीनं सगळ्यांवर सारखाच विश्वास टाकला असता.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, शिरोलीजवळ हायवेच बंद, नदीपलीकडचं गिऱ्हाईक काही दिवस येऊच शकलं नाही. पाणी उतरल्यावर मात्र शिरोळ, कुरुंदवाडकडनं ट्रॅक्टरचे पंप पोत्यात घालून आले. पंपातला प्लंजर, म्हणजे आतली दांडी, आणि ती ज्यात सरकते त्या बॅरलमधली फट मायक्रॉनमधली असते, तिथं पाणी राहिलं की गंज धरून जाग्यावर जाम. त्यात काहींनी बुडलेलं इंजिन तसंच सेल्फ मारून बघितलेलं. पाणी दाबलं जात नाही ओ, सिलेंडरमध्ये असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतोय आणि हजाराचं काम लाखाकडं जातंय. त्या महिन्यात मास्तरसुद्धा शाळा सुटली की येऊन पार्ट धुवायला बसायचा, बिलं लिहायचा, अक्षर तेवढं चांगलंय त्याचं. पूरग्रस्तांकडनं मजुरी घ्यायची नाही, फक्त पार्टचे पैसे, हे ठरवायला मीटिंग वगैरे काही लागली नाही.

लॉकडाऊनला शेतीच्या दुरुस्तीला परवानगी होती, त्यावर निभावलं.

खरा धक्का कॉमन रेलचा, म्हणजे एका पाइपात जोराच्या दाबानं डिझेल साठवून फवारायच्या नव्या पद्धतीचा. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचे कडक नियम, बीएस-६, आले, २०२३ च्या जानेवारीपासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना पण नवीन नॉर्म लागले. जुनं नोझल २००-२५० बारला उघडतंय, हाताच्या टेस्टरवर फवारा बघून मी सांगायचो काय झालंय ते. कॉमन रेलमध्ये हजाराच्या वरचं प्रेशर, सगळा कारभार ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, तिथं कान आणि बोटं चालत नाहीत. नवीन बेंचचं कोटेशन बघून मीच गप्प बसलो होतो. स्पेअर पार्टवाल्यानं स्वतःहून पैसे घातले आणि चौथा भागीदार झाला, आता तो बेंच आयटीआयची दोन पोरं चालवतात, मी लांबनं बघतो आणि जुन्या इनलाइन पंपांवर बसतो, ते अजून भरपूर आहेत.

सध्या भांडण चालू आहे ते जागेवरनं. मॉनिटर म्हणतोय कागलच्या एमआयडीसीत मोठा प्लॉट घेऊ, ट्रक आत वळेल. मी म्हणतोय उद्यमनगर सोडलं तर हाकेवर मिळणारा टर्नर, वेल्डर, रेवाइंडिंगवाला तिथं कुठनं आणायचा. मैत्रीण म्हणते आधी गेल्या सीझनची उधारी गोळा करा, मग नकाशे बघा. यादी मॉनिटरकडं दिलीय, सोमवारी सुट्टीला तो आणि चिटबॉय गाडी घेऊन निघणार आहेत, वडणगेपासून सुरुवात.