सगळ्यांचे झाल्यावर

"सगळ्यांचे झाल्यावर त्याला आणा ना, तेव्हा तलाव मोकळा असतो," असे आज संध्याकाळी पणजीतल्या एका तरणतलावावर एका पालकांनी चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या आईला अगदी आपुलकीने सुचवले. त्या बाईंनी उत्तर दिले नाही. खुर्चीचे दोन्ही ब्रेक ओढले, मुलाच्या कानांवरून टोपी नीट खाली घेतली आणि त्याला काखेत धरून पाण्यात उतरवले.

तो सल्ला मात्र डोक्यातून जाईना. 29 जुलै 1948 रोजी डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात 16 जखमी माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली, ती लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी. सगळ्यांचे झाल्यावर नव्हे. त्यातूनच पॅरालिंपिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचे ऑलिंपिक, उभे राहिले. पुढे 1972 मध्ये ऑलिंपिक म्युनिकला झाले, पण तिथल्या क्रीडाग्रामातील घरे खासगी होणार असल्याने पॅरालिंपिक हायडेलबर्गला गेले.

त्याच हायडेलबर्गमध्ये, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहले आणि भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळाले. ऑलिंपिकमधल्या वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला 2008 पर्यंत थांबावे लागले, हे किती जणांना ठाऊक असेल? पेटकरांना पद्मश्री मिळायला तर 2018 साल उजाडले.

आपल्या गोव्यातल्या किती तलावांवर चाकाची खुर्ची थेट पाण्याच्या काठापर्यंत नेता येते, हे कोणी पाहिले आहे का?