तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एखादा तरुण वक्ता सुचवा ना!’

कार्यक्रमासाठी तरुण वक्त्याचं नाव विचारलं की मी आयोजकांची उलटतपासणी घेते, अशी तक्रार माझ्या कानावर आली आहे. खरी आहे. समोर कोण बसणार, बोलायला वेळ किती, सूत्रसंचालन कोण करणार, हे मी विचारतेच. शिवाय एक जास्तीचा प्रश्न असतो: त्या मुलाने किंवा मुलीने काही मागितलं, तर ते देऊ शकणारं कुणी सभागृहात असेल का? इथे बहुतेक आयोजक गडबडतात. ‘मागायचं काय त्यात? आम्हाला प्रेरणादायी कुणीतरी हवंय.’

मी भाव खाते असं वाटत असेल तर वाटो. थोडा खातही असेन. पण ज्यांची भाषणं तुम्ही एकमेकांना पाठवत असता, ती मुलं प्रेरणा द्यायला उभीच राहिली नव्हती. कॅनडाची सेव्हर्न कलिस-सुझुकी रिओमधल्या १९९२ च्या पर्यावरण परिषदेत बोलली तेव्हा बारा वर्षांची होती, आणि समोरच्या प्रतिनिधींना तिने सरळ सांगितलं की, जे दुरुस्त करता येत नाही ते निदान मोडू तरी नका. (तो व्हिडिओ पाठवून ‘ही मुलगी मिळेल का?’ विचारणारे मला भेटले आहेत. तिचा जन्म १९७९ चा आहे हो!) २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन बोलला. जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेला मुलगा. स्वतःची आणि आईची हकिकत सांगून तो थांबला नाही. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना सरकारने एझेडटी हे औषध द्यावं, म्हणजे बाळांना लागण होणार नाही, असं त्याने मागितलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला. आज ‘चिमुकल्याचं धैर्य’ सगळे सांगतात, औषधाचं नाव कुणी घेत नाही.

आता ते, जे मी आजवर टाळत आले.

एका कार्यक्रमासाठी मी एका शाळकरी मुलीचं नाव दिलं होतं. तिचा धाकटा भाऊ शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला होता. तिने मैत्रिणींना घेऊन त्या रस्त्यावरच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजलं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाड्यांचे सेकंद लावत त्या उभ्या राहिल्या. शंभर मीटर पाच सेकंदांत, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. शाळेच्या दारात! अशा नोंदींची वही भरली होती. मागणी साधी होती: गतिरोधक बसवा, वेग ताशी ३० वर आणा. आणि ज्यांच्या सहीने ते होणार होतं, ते साहेब त्या दिवशी पहिल्या रांगेत बसणार होते. म्हणून तर मी तिचं नाव दिलं.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. पाहुणे, सत्कार, पाहुण्यांचं लांबलेलं मनोगत. तिची वीस मिनिटं आधी दहा झाली, मग पाच. तिला पुकारण्याच्या जरा आधी सूत्रसंचालक विंगेत आला, तिच्या हातातली वही अलगद काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाला, ‘बाळा, आकडे नकोत आता. फक्त भावाचं सांग. तेच लोकांना भिडतं.’ मी म्हटलं, तिला वही घेऊ द्या. तो हसून म्हणाला, ‘मॅडम, वेळ बघा ना.’

ती गेली. भावाच्या दप्तराबद्दल बोलली, त्या दिवशी त्याने घातलेल्या उलट्या मोज्यांबद्दल बोलली. सभागृह उभं राहिलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, स्टेजवर येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो झाला. ‘आणि त्या रस्त्यावर...’ असं तिने सुरू केलं, तोवर माइक आभार मानणाऱ्याच्या हातात गेला होता.

खाली आल्यावर ती रडली नाही. वही उचलली आणि मला म्हणाली, ‘ताई, ते रडले. आता त्यांना वाटेल, त्यांचं काम झालं.’

१९९२ मध्येच रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं बोलावणं. तुमचे बरेच कार्यक्रम मला दुसऱ्या पायरीवर दिसतात. राग येऊ देऊ नका.

पण एके काळी मीच मुलांना शिकवायचे की आधी हकिकत, मग आकडे. आकड्यांनी कुणी उठून बसत नाही. ते चूक होतं असं आजही म्हणवत नाही. मुलाखत घेताना मीसुद्धा ज्याच्या बोलण्याने गळा दाटतो त्याच्याच नावापुढे खूण करते. मग सूत्रसंचालकाला कोणत्या तोंडाने बोलू?

त्या प्रसंगानंतर मी तिचं नाव देणं बंद केलं. तिला ते कळलं आणि ती भडकली. ‘तुम्ही मला जपताय की गप्प बसवताय?’ भावाची गोष्ट तिची आहे, ती कुठे खर्चायची ते ती ठरवणार, असं तिचं म्हणणं. तिने मग मिळेल तिथे ती सांगितली, शेवटच्या वाक्यात गतिरोधक घुसवून. गतिरोधक झालासुद्धा. ती म्हणते, बोलल्यामुळे झाला. मला आठवतं ते असं की, त्याच जागी आणखी एक अपघात झाला आणि त्यानंतर झाला. यावर आमचं अजून वाजतं.

आता तिची अट आहे: मागणी आधी, भाऊ नंतर, आणि वही हातात. एवढं सांगितलं की काही आयोजक पुन्हा फोन करत नाहीत. पुढच्या कार्यक्रमासाठी तिचं नाव मीच दिलंय. पंधरा मिनिटं कबूल झाली आहेत, तोंडी. मी ती लेखी मागितली, तर आयोजक म्हणाले, ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’