कोड पाठवला आहे

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मे महिन्यात मिळाली. शुक्रवारी मिरजेला दाखल व्हायचं आणि शनिवारी सकाळी शस्त्रक्रिया. अप्पा म्हणाले, "पैशाचं मी बघतो, फंडातले काढूया." अप्पा म्हणजे माझे वडील. वय ७६, सांगलीत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. पेन्शनीतून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी एका म्युच्युअल फंडात ठेवले होते. पैसे काढायची विनंती दिली की खात्यात जमा व्हायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात. म्हणून आधीच्या शनिवारी संध्याकाळी, गावभागातल्या आमच्या घरी, मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

फंड कंपनीच्या पोर्टलवर पॅन नंबर टाकला. सहा आकडी कोड मोबाइलवर किंवा ईमेलवर येणार होता. नोंदलेला मोबाइल नंबर अप्पांनी चार वर्षांपूर्वी सोडून दिलेला, त्यामुळे ईमेलच उरला. बटण दाबलं. हिरव्या बरोबरच्या खुणेसह पडद्यावर आलं: 'कोड आपल्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवला आहे. तो १० मिनिटांसाठी वैध आहे.'

दहा मिनिटं झाली. काही आलं नाही.

पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. इथे माझी पहिली चूक झाली. दर वेळी नवा कोड मागितला की आधीचा रद्द होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे उशिरा का होईना पहिला कोड आला असता, तरी तो चालला नसता. पाचव्या वेळी पोर्टलने दारच लावून घेतलं: २४ तासांनी प्रयत्न करा.

अप्पा काहीच बोलले नाहीत. आई आतून म्हणाली, "आलंय का बघ की गं परत." तिचा तो आवाज मला अजून आठवतो. ती दोन वर्षं दुखणं काढत होती आणि आता कुठे मनाची तयारी झाली होती.

रात्री अप्पांचा मेलबॉक्स मी कोपरा न् कोपरा पाहिला. स्पॅम पाहिलं, तिथे मेल ३० दिवस राहतात. 'प्रमोशन्स' आणि 'अपडेट्स' हे कप्पे पाहिले. शोधाच्या पर्यायांत जाऊन 'मेल, स्पॅम आणि ट्रॅश' असं तिन्हीकडे मिळून शोधलं, कारण साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये जातच नाही. सेटिंगमध्ये फिल्टर आणि ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी असते, तिथे त्याच कंपनीचा जाहिराती पाठवणारा एक पत्ता ब्लॉक केलेला सापडला. मला वाटलं, हेच! तो काढला. पण कोड पाठवणारा पत्ता निराळा होता, त्यामुळे त्याने काही फरक पडला नाही. जुन्या विवरणपत्रावर छापलेला ईमेलही अक्षर अक्षर ताडून पाहिला. बरोबर होता.

रविवारी एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगते. अप्पांनी फोनवर कंपनीचं नाव आणि 'ग्राहक सेवा' असं शोधलं आणि सर्वात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "काका, तुमचा कोड आमच्या सिस्टिममध्ये अडकलाय, मी पाठवतो ते अ‍ॅप घ्या, मला तुमचा स्क्रीन दिसेल, मग मी सोडवतो." मी अप्पांच्या हातातून फोन घेऊन बंद केला. कोड येत नाही म्हणून माणूस घायकुतीला येतो, आणि नेमक्या त्याच वेळी असा नंबर समोर येतो. ग्राहक सेवेचा नंबर नेहमी जुन्या कागदी विवरणपत्रावरून किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. कुणी फसलंच, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

त्या संध्याकाळी अप्पांचा एक जुना विद्यार्थी आला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा संगणक विभाग तो सांभाळतो. येताना भडंगाची पुडी घेऊन आला आणि सरांच्या पाया पडून लॅपटॉपसमोर बसला. त्याने आधी दोन साध्या परीक्षा घेतल्या. दुसऱ्या कंपनीच्या ईमेल सेवेवरच्या आपल्या खात्यातून अप्पांना मेल पाठवला: लगेच आला. मग अप्पांच्या वीजबिलाच्या खात्यात जाऊन 'पासवर्ड विसरलो' दाबलं: तो मेलही मिनिटभरात आला.

"ताई, मेलचा डबा चांगला आहे," तो म्हणाला. "सरांचा दोष नाही, तुमचाही नाही. त्यांच्याकडून मेल निघतोय का, हेच बघायला पाहिजे."

"पण पाठवला असं लिहिलंय ना?"

तो हसला नाही. अप्पांकडे वळून म्हणाला, "सर, मार्केट यार्डात हळदीची पोती ट्रकवर चढली की बिल्टी फाडतात. बिल्टी फाडली म्हणजे माल पोचला असं नाही. पोच वेगळी. ही हिरवी खूण फक्त बिल्टीची आहे. आणि मला शंका आहे की ट्रक यार्डाच्या फाटकातूनच बाहेर पडलेला नाही."

मग त्याने जे समजावलं, ते मला त्या चार दिवसांतलं सर्वात मोलाचं वाटतं. मेल पाठवणारा सर्व्हर समोरच्या सर्व्हरला हाक मारतो आणि समोरचा तीन आकडी उत्तर देतो. १९८२ सालच्या नियमांपासून ही रीत चालत आली आहे. उत्तर २ ने सुरू झालं तर मेल स्वीकारला. ४ ने सुरू झालं तर आत्ता नाही, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू झालं तर कायमचा नकार. ५५० बहुधा असा पत्ताच नाही म्हणून येतो, ५५२ डबा भरलाय म्हणून. त्याच्या कारखान्याचा सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ४ चं उत्तर देतो, कारण खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो आणि स्पॅम पाठवणारे बहुतेक येत नाहीत. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. त्यामुळे ऑफिसच्या ईमेलवर कोड पंधरा मिनिटांनी येतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते. अप्पांचं खातं साधं जीमेलचं, म्हणून ते कारण इथे लागू नव्हतं.

"५ चं उत्तर आलं," तो पुढे म्हणाला, "की कंपन्यांची मेल पाठवणारी यंत्रणा तो पत्ता एका यादीत टाकते. सप्रेशन लिस्ट. त्यानंतर त्या पत्त्यावर ती मेल पाठवायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. पोर्टलला मात्र हे कळत नाही, ते बटण दाबलं की पाठवला म्हणतं. सर, तुमचा डबा मधे कधी भरला होता का?"

मला आठवेना. अप्पा मात्र उठले, कपाटातून त्यांची लांब वही काढली. त्या फंडाचं मासिक विवरण ईमेलने आलं की ते तारखेसह तिथे लिहितात, मग प्रिंट काढून फाइलला लावतात. जानेवारी, आलं. फेब्रुवारी, आलं. मार्चसमोर त्यांच्या वळणदार अक्षरात नुसतं प्रश्नचिन्ह होतं. एप्रिलसमोरही.

"मला वाटलं, कंपनीने पाठवायचं बंद केलं," अप्पा म्हणाले.

मार्च! तेव्हा पुतणीचं लग्न झालं होतं. शेकडो फोटो, व्हिडिओ, सगळे अप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप २०२४ पासून गुगलच्या त्याच मोफत १५ जीबीत मोजला जातो, आणि गुगल फोटोज १ जून २०२१ पासून. मेल, ड्राइव्ह, फोटो, सगळ्यांना मिळून ती एकच जागा. ती भरली की मेल येणं थांबतं आणि पाठवणाऱ्याकडे परत जातो. एप्रिलमध्ये भाऊ पुण्याहून आला, तेव्हा त्याने व्हिडिओ काढून जागा मोकळी केली आणि बाकीचे मेल सुरू झाले. पण मधल्या काळात मार्चचं विवरण आपटून परत गेलं, आणि अप्पांचा पत्ता त्या यादीत जाऊन बसला. आमच्याकडची जागा मोकळी झाल्याचं त्या यादीला कळायला काही मार्ग नव्हता.

अशी यादी ठेवणं चूक नाही, हे मला पटतं. परत येणाऱ्या पत्त्यांवर मेल मारत राहणाऱ्याची पत घसरते. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियमही कडक केले आहेत. पण मग पडद्यावर खरं सांगा! 'आपल्या पत्त्यावर मेल पोचत नाहीत, आमच्याशी संपर्क साधा' एवढं एक वाक्य. एक म्हातारा माणूस हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून रात्रभर मेलबॉक्स उघडून बसतो, याचा मला खरंच राग आला. अजूनही येतो.

कागदी अर्जाचा रस्ता होता. पण अप्पांचा हात आता कापतो, आणि सही जुळली नाही तर अर्ज परत येतो. सोमवारी मी जुन्या विवरणावरचा टोल फ्री नंबर लावला. पहिल्या बाईंनी ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितलं. दुसऱ्या गृहस्थांनी २४ तास थांबायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मी विद्यार्थ्याने लिहून दिलेला कागद समोर ठेवला आणि वाचला: "या पत्त्यावर मार्च महिन्यात मेल बाऊन्स झाल्याची नोंद आहे का? पत्ता तुमच्या सप्रेशन लिस्टमध्ये असेल तर काढा. मेलबॉक्समध्ये आता जागा आहे, इतर ठिकाणचे मेल येत आहेत. हे वाक्य जसंच्या तसं तांत्रिक विभागाकडे पाठवा आणि मला तक्रार क्रमांक द्या." पलीकडची मुलगी क्षणभर थांबली, मग म्हणाली, "मॅडम, परत सांगता का, लिहून घेते." तिने शांतपणे सगळं लिहून घेतलं. तिची मी आभारी आहे.

मंगळवारी पावणेबाराला कंपनीतून फोन आला. पत्ता यादीत होता, काढला आहे, आता प्रयत्न करा. फोन करणाऱ्याने कोड विचारला नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

या वेळी बटण एकदाच दाबलं. अर्ध्या मिनिटात मेल आला. अप्पांनी हजेरी घ्यावी तसे सहा आकडे मोठ्याने, एकेक करून वाचले आणि मी टाकले. दुपारी तीनच्या आत विनंती गेली की त्याच दिवसाचा भाव मिळतो, ती बारा वाजताच गेली. लगोलग मोबाइल नंबर बदलायचा अर्जही भरला, म्हणजे पुढे एकाच दारावर अवलंबून राहायला नको. गुरुवारी दुपारी पैसे बँकेत जमा झाले.

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. रविवारी दवाखान्यात आई वॉकर धरून चार पावलं चालली. मी तिच्याजवळ होते. अप्पांनी खुर्चीतून मला हाक मारली.

"मार्च आणि एप्रिलचं विवरण परत मागवता येईल का? फाइलीत दोन पानं कमी आहेत."

मागवलं. दोन्ही आली. अप्पांनी वहीतली प्रश्नचिन्हं खोडली नाहीत, त्यांच्यापुढे फक्त तारीख लिहिली.