नवे टायर घातले आणि चॉक बसेना

दोन ॲक्सलच्या कॅरॅव्हॅन ट्रेलरला नवे टायर घातले की चाकं हलू नयेत म्हणून दोन चाकांमध्ये आवळायचा कात्रीसारखा चॉक अडतो. मग तो जरा वर सरकवून बसवला जातो, आणि घोळ तिथेच होतो.

205/75 आर 15 टायरचा व्यास सुमारे 689 मिमी, 225/75 आर 15 चा 719. दोन ॲक्सलमधलं अंतर 840 मिमी धरलं, तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवरची टायरांमधली फट 151 वरून 121 वर येते. दोन्ही टायर अर्धा अर्धा फरक खातात, म्हणून व्यासातली वाढ सगळी फटीतून जाते. त्याच मापाचे टायर घेतले तरी सुटका नाही: गोटा होत आलेल्या टायरवर 3 मिमी नक्षी होती आणि नव्यावर 8 आहे, तर फट 10 मिमीने कमी.

हबच्या 100 मिमी वर फट पुन्हा 150 च्या आसपास मिळते, म्हणून चॉक छान बसल्यासारखा वाटतो. पण तिथे टायरचे गोलावे वर उघडत जातात. आवळला की चॉक वरच निसटणार. पावसात ओल्या रबरावर तर नक्कीच.

हवा पूर्ण भरून, ट्रेलर जॅकवरून उतरवून, हबच्या रेषेत फट मोजा. मिटलेला चॉक तिच्यापेक्षा 10-15 मिमी अरुंद हवा. नसेल तर अरुंद चॉक घ्या. हवा कमी करू नका, चॉकचं लोखंड घासू नका.

उलट लहान टायरमुळे फट वाढली असेल तर काम सोपं. दोन्ही जबड्यांवर 25 मिमी जाडीची बाभळीची फळी बोल्टने बसवा, बोल्टची डोकी लाकडात 3-4 मिमी खोल बुडवून. वर राहिली तर टायर कापतात. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधे लवकर गंजतात. चॉकच्या स्क्रूलाही ग्रीस हवंच.

आवळताना पान्याला जोर लागला की थांबा. जास्त पिळलं तर ॲक्सल एकमेकांपासून ढकलले जातात आणि शॅकलच्या (स्प्रिंग जोडणाऱ्या कडीच्या) बुशवर ताण येतो. रात्री टायर थंड होऊन पकड सैल पडते, सकाळी पुन्हा तपासा.

हा चॉक जमिनीवरच्या ठोकळ्यांची जागा घेत नाही. ट्रेलर गाडीपासून सोडवण्याआधी दोन्ही बाजूंच्या एकेका चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा, उंची व्यासाच्या पाव, म्हणजे 719 ला साधारण 180 मिमी. जुने ठोकळे लहान टायरच्या मापाचे असतील, तेही मोजून घ्या.