सीईचा शिक्का सगळ्यात शेवटी

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल गुंडाळायचं यंत्र युरोपसाठी तपासलं. तिथं विकायला सीईचा शिक्का लागतो, म्हणजे यंत्र युरोपच्या सुरक्षा नियमांत बसतं ही उत्पादकाची ग्वाही. पहिला प्रश्न नेहमीचाच, "सीई कुठं चिकटवायचं?" अहो, ते शेवटी! आधी आयएसओ 12100 या यंत्रसुरक्षेच्या मानकाप्रमाणे धोके लिहून काढायचे.

अडलं रोलरपुढच्या संरक्षक जाळीपाशी. चौकोनी भोक 20 मिमीचं, रोलर जेमतेम 60 मिमीवर. बोट आरामात पोचतं. त्या भोकाला 120 मिमी अंतर लागतं. नाहीतर भोक बारीक करा. इमर्जन्सी बटण मागं ओढताच मोटर आपोआप फिरली, हे तर अजिबात चालत नाही. पुन्हा स्टार्ट दाबल्यावरच चालू व्हायला हवी.

तांत्रिक फाइल, म्हणजे यंत्र सुरक्षित असल्याची सगळी कागदपत्रं, 10 वर्षं जपायची. 20 जानेवारी 2027 पासून युरोपचा यंत्रांसाठीचा नवा नियम, 2023/1230. शिक्क्याची उंची? किमान 5 मिमी.