बिनसेलचा रिमोट बनवताना

आमच्या पहिल्या रिमोटच्या सेलचं झाकण कधीच हरवलं होतं. सेल चिकटपट्टीने बसवलेले. रिमोट चालेना झाला की ते बोटाने जागच्या जागी गरागरा फिरवायचे, मग आणखी चार दिवस निघायचे. त्यामुळे एके काळी सेलच न लागणारा टीव्हीचा रिमोट होता हे वाचलं, तेव्हा आधी खरंच वाटेना. आणि खरं आहे म्हटल्यावर तो स्वतः करून बघितल्याशिवाय चैन पडेना.

झेनिथ या अमेरिकन कंपनीचा १९५० चा ‘लेझी बोन्स’ वायरने टीव्हीला जोडलेला असायचा. घरभर वायर, आणि तिच्यात पाय अडकायचा. १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी वायर काढून टाकली. त्यांचा ‘फ्लॅशमॅटिक’ म्हणजे जवळजवळ टॉर्चच. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे फोटोसेल होते, हव्या त्या कोपऱ्यावर झोत मारायचा. पण खिडकीतून ऊन आलं की तेही काम करायचं, आणि चॅनेल आपोआप बदलायचं.

मग १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. विक्री बघणाऱ्यांनी सेल नको म्हणून सांगितलं होतं, कारण सेल संपला तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल. मला हे वाचून आमची चिकटपट्टी आठवली. ॲडलर यांनी आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या बसवल्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीच्या टोकावर आपटते आणि कांडी कानाला ऐकू न येणाऱ्या सुरात वाजते. चार कांड्या, चार लांब्या, चार सूर. लोक त्याला क्लिकर म्हणायचे, पण ती ‘टक’ हातोडीची. टीव्ही ऐकायचा तो सूर वेगळाच.

मला चार कांड्यांचा सोस नव्हता, दोन जमल्या तरी पुष्कळ. गणित सोपं निघालं. ॲल्युमिनियमच्या कांडीतून आवाज सेकंदाला सुमारे ५००० मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की सूर मिळतो. साडेसहा सेंटिमीटरच्या आतबाहेर लांबी धरली की उत्तर ४० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनांच्या, जवळ येतं, आणि माणसाचा कान २० च्या पुढे काही ऐकत नाही. अंतर मोजायच्या सेन्सरमध्ये असतो तसा ४० किलोहर्ट्झचा रिसीव्हर माझ्याकडे होता. तो ॲम्प्लिफायरमार्गे ऑसिलोस्कोपला, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, जोडला, करवतीने कांडी कापली, टोकाला चिमटा लावून पकडली आणि खिळ्याने ठोकली.

काहीच नाही. पडद्यावर जेमतेम एक थरथर, की लगेच सपाट रेघ.

दोन संध्याकाळी मी सर्किटच तपासत बसलो. चूक माझ्या पकडीत होती. कांडी लांबीच्या दिशेने आकसते-ताणते तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात आणि बरोबर मध्य स्थिर राहतो. टोक धरणं म्हणजे वाजणाऱ्या घंटेला हाताने धरून ठेवणं. मग मध्यावर बारीक खाच पाडली, तिच्यात दोरा गुंडाळला आणि कांडी दोऱ्यावर लटकवली. पुन्हा ठोकली. पडद्यावर एक जाड पट्टा उमटला आणि सावकाश, अगदी सावकाश, निमुळता होत गेला. खोलीत एक साधी टक सोडली तर काही ऐकू आलं नव्हतं. मी कितीतरी वेळ नुसता ठोकत आणि बघत बसलो होतो.

हातोडीने मात्र रडवलं. ठोका देऊन ती क्षणात मागे सरली नाही, कांडीला नुसती टेकून राहिली, तरी सूर मरतो. पेनातली स्प्रिंग, सायकलच्या आऱ्याचा तुकडा आणि एक वाकवलेली पत्री यांतून शेवटी जमलं. खटका दाबत न्यायचा, हातोडी मागे ताणली जाते, एका बिंदूला सुटते, आपटते आणि परतते. त्या सुटण्याची बोटाला जी जाणीव होते, ती आजच्या रबरी बटणांत कुठेच नाही.

दुसरी कांडी कानशीने घासून जुळवली. ६४ मिलिमीटरची पहिली ३९.५ किलोहर्ट्झवर वाजत होती, दुसरी मिलिमीटरभर कमी केली तेव्हा ४०.१ वर आली. एवढाच फरक, पण पुरेसा आहे. २० मिलिसेकंदांत लाटा मोजल्या तर एकीच्या ७९० भरतात, दुसरीच्या ८०२. माझ्यासाठी हे मोजायचं काम एका मायक्रोकंट्रोलरने केलं. ॲडलर यांना त्यासाठी टीव्हीत सहा जादा व्हॅक्यूम ट्यूब घालाव्या लागल्या होत्या आणि त्यामुळे टीव्हीची किंमत बरीच वाढली. तरीही इन्फ्रारेड येईपर्यंत, पंचवीसेक वर्षं, ध्वनीवर चालणारे रिमोट टिकले. त्यांची एक तक्रार मी स्वतः पडताळली. रिसीव्हरसमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तर पडद्यावर ४० किलोहर्ट्झच्या आसपास रान उठलं. त्या काळी किल्ल्यांच्या किणकिणाटाने चॅनेल बदलायचं ते यामुळेच.

शेवटी खोलीच्या पार टोकाला टेबलावरचा दिवा रिलेने जोडला: एका खटक्याने लागायचा, दुसऱ्याने विझायचा. बाबांच्या हातात डबी दिली. त्यांनी दाबलं. टक, दिवा लागला. दुसरं दाबलं, विझला. पाच-सहा वेळा तेच केलं, मग सवयीने डबी उलटी करून पाठीवर अंगठा फिरवला.

‘‘सेल कुठे घालायचे रे?’’

मी वरचं झाकण काढून त्यांना दोऱ्यावर लटकलेल्या दोन कांड्या दाखवल्या.