पावाचं सोवळं

दुपारचा चहा टाकला, ब्रेडचं पाकीट उघडलं आणि वरच्याच स्लाइसच्या कोपऱ्यात तीळभर हिरवं दिसलं. चष्मा लावून खिडकीपाशी नेलं. मधोमध निळसर हिरवा ठिपका, भोवती पांढरी कड, आणि त्या कडेतून निघालेले बारीक तंतू. उजेडात धरले तरच दिसतील असे. श्रावणातलं बडोदं हे. इथं कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्याला बुरा येतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथं ब्रेडची काय कथा!

"अगं, तारीख तर परवाची आहे अजून," आतून आवाज आला.

"अहो, तारीख बुरशीला वाचता येत नाही," मी म्हटलं. पुढचं वाक्य मला पाठ आहे: "तरी मी म्हणत होतो, फ्रिजमध्ये ठेव." आमच्याकडे हा वाद जुना आहे आणि कुणीही एक पाऊल मागे सरकलेलं नाही. माझ्या घरात ब्रेड फ्रिजमध्ये जाणार नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात फ्रिज नव्हता, पण पावाला जागा ठरलेली होती. स्वयंपाकघराच्या बाहेर. आजीच्या राज्यात पावाला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. तो ओसरीच्या खिडकीत, पोचे पडलेल्या बिस्किटांच्या डब्यात राहायचा. वसईकडं विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवली, ही गोष्ट ती सांगायची; शिवाय तो फुगवायला आत नक्की काय घालतात याबद्दल तिला ज्या शंका होत्या, त्या तिनं कुणाला कधी नीट सांगितल्या नाहीत. संध्याकाळी पाववाला सायकलवर पत्र्याची पेटी बांधून यायचा. लादी गुजराती पेपरात गुंडाळून द्यायचा, आणि पाव गरम असला की पेपरातली अक्षरं त्याच्या तुकतुकीत पाठीवर उलटी उमटायची. मी आणि माझा भाऊ ती वाचत बसायचो. ताप आला की मात्र आजी स्वतःच्या हातानं दुधात पाव कुस्करून द्यायची. तेव्हा बाटण्याचा प्रश्न कुठं जायचा कोण जाणे. आम्हाला ताप आवडायचा तो त्यामुळेच.

त्या डब्यातल्या पावाला बुरशी आलेली मला आठवत नाही. यायला तो सकाळपर्यंत उरायला तर हवा!

मग फ्रिज आला आणि आपल्या सगळ्यांची अशी समजूत झाली की आत ढकललं की काळ थांबतो. पाव शिळा होणं आणि पावाला बुरशी येणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे कुणी लक्षातच घेत नाही. पाव कडक होतो तो वाळून, असं आपल्याला वाटतं. बुसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ साली ओल अजिबात बाहेर जाऊ न देता पाव बंद करून ठेवून पाहिला, तरी तो शिळा झालाच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो, आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा ओळीनं बसायला लागतात. हे काम सगळ्यात झपाट्यानं होतं ते नेमकं फ्रिजच्या थंडीत. म्हणजे फ्रिज बुरशीला आळा घालतो, पण शिळेपणाला घाई करतो. मऊसूत पाव हवा म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी पुठ्ठा चावायचा, हे कुठलं शहाणपण?

बुरशीचं म्हणाल तर भट्टीतून निघालेला पाव निर्मळ असतो. त्या आचेत तिचे बीजाणू टिकत नाहीत. ती येते नंतर. पाव निवताना, कापताना, हवेतून, आणि आपल्या हातांवरून. पाकिटातल्या ब्रेडमध्ये कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. मागं बारीक अक्षरांत २८२ हा आकडा असतो तो त्याचाच. ते बुरशीला रोखतं आणि यीस्टला फारसं छळत नाही, म्हणून बेकरीवाल्यांचं लाडकं. गल्लीतल्या भट्टीच्या पावात बहुधा ते नसतं, म्हणून तो आणला त्याच दिवशी संपवावा.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, दिवे गेले, आणि फ्रिज म्हणजे नुसतं वास मारणारं कपाट झालं. जिन्यात दूध आणि ब्रेडची पाकिटं वाटत होते. तेव्हा कुणी तारीख पाहिली नाही. मीही नाही.

एरवी मात्र माझे नियम कडक आहेत. ब्रेडच्या पाकिटात ओला हात घालायचा नाही. लोणच्याच्या बरणीला आजीनं जे सोवळं लावलं होतं, तेच मी आता तिच्या त्या बाटग्या पावाला लावलंय. तिनं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. गरम पाव पिशवीत कोंबायचा नाही, आतून घाम येतो. कडेचे स्लाइस कुणालाच नको असतात, तर ते दोन्ही टोकांना झाकण म्हणून राहू द्यायचे. तोंड पिळून, दुमडून, वर कपडे वाळत घालायचा चिमटा. आणि ठिपका दिसला की तेवढाच कापून खायचा नाही. वडील खायचे. "अगं, फुकटचं पेनिसिलीन आहे ते!" म्हणायचे. पण मऊ पावात ते तंतू दिसतात त्याच्या कितीतरी खोल गेलेले असतात, आणि प्रत्येक हिरव्या बुरशीतून औषधच निघतं असं नाही. काहींतून विषही निघतं. आजचं पाकीट वास न घेता कचऱ्यात गेलं. नाकाशी नेऊन हुंगायचं तर मुळीच नाही, ते बीजाणू सरळ छातीत जातात.

नुसता शिळा पाव ही मात्र मेजवानी. मोहरी, हिंग, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद-तिखट, कुस्करलेला पाव, वरून ताकाचा हबका आणि घट्ट झाकण. साठ अंशांच्या वर गेलं की तो ओळीनं बसलेला स्टार्च पुन्हा सैल पडतो, पाव मऊ होतो. ताज्या पावाचा असा कधी होत नाही, त्याचा लगदा होतो. फोडणीच्या पावासाठी आमच्याकडे पाव मुद्दाम शिळा करतात, यावर निदान दोघांचं एकमत आहे.

खरा उपाय आहे फ्रीझर. उणे अठराला शिळेपणही थांबतं आणि बुरशीही. स्लाइस सुटे करून पिशवीत घालायचे, लागतील तसे काढून सरळ टोस्टरमध्ये. पण फ्रीझरमध्ये जानेवारीचे मटार आहेत, उंधियुसाठी राखलेले तुरीचे दाणे आहेत, आणि मे महिन्यातला केसर आंब्याचा रस डबे भरून आहे. त्यातला एक डबा ब्रेडसाठी बाहेर काढा म्हटलं तर हे उपास करतील. मीही करीन.